दगडवाले आणि हॉलवाले

३ फेब्रुवारी

आदरणीय बाई,

माझं अक्षर ओळखलंत तर पाकीट न फोडताच बाजूला टाकाल, म्हणून पत्ता हॉस्पिटलमधल्या माझ्या वॉर्डातल्या एका मुलीकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहे तर वाचून टाका.

घरी फोन केला नाही. तुमच्या घरचा फोन तुमचे यजमान उचलतात, आणि त्यांचा आवाज ऐकला की माझ्या तोंडून काय बाहेर पडेल याची मला खात्री नाही. म्हणून पत्र, आणि तेही तुमच्या शिवणाच्या दुकानावर.

तुमची मुलगी आणि माझा मुलगा यांना लग्न करायचं आहे. तुम्हाला कल्पना असेल-नसेल, मला नव्हती. रविवारी उपासना सुटल्यावर मुलगा म्हणाला, "आई, खाली चल, इथे सगळ्यांचे कान लांब आहेत." खाली टायरच्या गोदामाच्या शटरपाशी उभं राहून त्यानं सांगितलं. मी पहिलं काय म्हणाले ठाऊक आहे? "जगात दुसरी मुलगी नव्हती?"

अकरा वर्षांपूर्वी आमची चाळीस घरं तुमच्या दगडी चर्चमधून बाहेर पडली आणि गोदामावरचा हॉल भाड्यानं घेतला. तेव्हापासून आपण दोघी रस्त्यात समोरासमोर आलो की दुकानांच्या पाट्या वाचतो. आता मुलांनीच अशी गाठ मारली आहे की कुणीतरी आधी तोंड उघडायला हवं. मुलाची आई म्हणून मी उघडते. मुलगी मला पसंत आहे. तिला मागणी घालते.

एक लहानशी गोष्ट आहे. लहानपणी कपाळाला लावलेलं पाणी आमच्याकडे बाप्तिस्मा म्हणून धरत नाहीत. आमचे पास्टर म्हणतात, मुलीनं आधी आपल्या समजुतीनं हौदात उतरून बाप्तिस्मा घ्यावा, मग ते आनंदानं लग्न लावतील. मुलगी समजूतदार आहे, तिची काही हरकत नसावी.

उत्तराची वाट बघते.

मुलाची आई


९ फेब्रुवारी

आदरणीय सिस्टर,

पत्र मिळालं. पाकीट दुसऱ्याच्या अक्षरात असलं तरी चिकटवण्याची पद्धत तुमचीच, चारही बाजूंनी, जणू आत औषध आहे. मुलींना चहाला पाठवलं आणि यंत्रापाशी बसून वाचलं.

मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही. तो माझ्या डोळ्यांसमोर रांगलेला आहे. विजेचं काम चोख करतो असं सगळे सांगतात. माझी मुलगी त्याच्यात काय बघते हेही मला समजतं. घरात ती काही बोललेली नाही, पण हल्ली आरशासमोरून हलत नाही, तेव्हाच मी काय ते समजले होते. यजमानांना अजून ठाऊक नाही.

पण तुमची ती "लहानशी गोष्ट" मी तीनदा वाचली. सिस्टर, तुम्ही विसरलात की विसरल्यासारखं करताय?

माझ्या मुलीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तिला हातावर कोणी घेतलं होतं? मी बाळंतपणातून नीट उठले नव्हते, मला उभं राहवत नव्हतं. पाळकांनी विचारलं, "हिची धर्ममाता कोण?" आणि एक शिडीसारखी उंच बाई पुढे आली, म्हणाली, "मी." देवासमोर शपथ घेतली, हिला विश्वासात वाढवीन म्हणून. ती बाई आज मला लिहिते, की ते नुसतं पाणी होतं.

ते नुसतं पाणी असेल, तर तुमची शपथ काय होती?

ह्यांच्या कानावर ही अट गेली तर काय होईल याचा विचार करा. ते चर्चच्या पंच कमिटीचे मुख्य पंच आहेत. त्यांची स्वतःची मुलगी हौदात उतरली, तर दगडी चर्चमध्ये ते कुठल्या तोंडानं उभे राहतील?

लग्नाला माझी ना नाही. अटीला आहे.

मुलीची आई


१४ फेब्रुवारी

हे बघ,

"आदरणीय" वगैरे पुरे झालं. तुझ्या नवऱ्याच्या तोंडाची गोष्ट काढलीस म्हणून मीही बोलते.

चार वर्षांपूर्वी माझा नवरा गेला. त्याचे आईबाप, आजोबा, सगळे दगडी चर्चच्या कबरस्तानात आहेत. तो शाळेची बस चालवायचा, तेव्हा रोज त्या कुंपणावरून जाताना हॉर्न वाजवायचा, आईला नमस्कार म्हणून. शेवटच्या आजारात एवढंच म्हणाला, "मला आईपाशी ठेव." मी तुझ्या दारात आले होते. तुझ्या नवऱ्यानं, ज्याच्याबरोबर माझा माणूस वीस वर्षं एका बाकावर बसून गायला, त्यानं दारातच सांगितलं, "नियम नियम असतो. सभासद नाही, जागा नाही." मग आम्ही त्याला नगरपालिकेच्या जागेत ठेवलं, जिथं आपलं असं कुणीच नाही.

तू त्या वेळी आतल्या खोलीत होतीस. यंत्राचा आवाज येत होता. ते थांबलं, पण तू बाहेर आली नाहीस.

तेव्हा कुठल्या तोंडानं उभं राहायचं हा प्रश्न मला विचारू नकोस.

आणि अजून एक. तुला वाटतं मी तुझ्या पोरीला हौदाकडे ढकलते आहे. गेले कित्येक रविवार ती स्वतःच्या पायांनी हॉलमध्ये येते. मागच्या रांगेत बसते, टाळ्या वाजवते, डोळे मिटून गाते. तुम्हाला काय सांगून निघते?

शिडी
(तूच लिहिलंस म्हणून)


२० फेब्रुवारी

शिडी,

लॅबमध्ये रविवारची ड्यूटी लागली आहे असं सांगून निघते. मी तिचा डबा भरून द्यायचे.

त्या दिवशीचं तू लिहिलंस. मी बाहेर आले नाही, कारण ह्यांनी बाहेरून कडी घातली होती. तू गेल्यावर मी मागच्या दारानं तुझ्याकडे डबा पाठवला होता. तुझ्या दिरानं तो तसाच परत पाठवला, झाकणसुद्धा न उघडता. तुला कुणी सांगितलं नसेल. याहून जास्त मला त्यावर लिहवत नाही.

आता इथलं ऐक. तुझं पत्र वाचून मी तिला विचारलं, तिनं लपवलं नाही, आणि हे नेमके त्याच वेळी वर्कशॉपमधून जेवायला आले. वेल्डिंगचा चष्मा कपाळावर तसाच. दारात उभे राहून सगळं ऐकलं.

म्हणाले, "हॉलमध्ये जातेस?"

ती म्हणाली, "जाते."

"कशासाठी? त्या पोरासाठी, की देवासाठी?"

"बाबा, मला ते वेगळं करता येत नाही."

"मग ऐक. तू त्या हौदात उतरलीस, तर त्या दिवसापासून मला मुलगी नाही. लग्नाला नाही, बारशाला नाही, मरणाला नाही."

ती म्हणाली, "मरणाला नाही हे तुम्ही लोकांना आधीही सांगितलंय." शिडी, घरात असं कुणी त्यांना बोललेलं नाही. मला वाटलं आता हात उगारतात. ते नुसते बेसिनपाशी गेले, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि न जेवता परत गेले. तेव्हापासून दोघांचा अबोला आहे. मी मधल्या मध्ये ताटं वाढते.

मी आमच्या पाळकांना भेटले. त्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे, खोकतात आणि "कमिटीला विचारतो" म्हणतात. लग्न दगडी चर्चमध्ये हवं तर मुलानं आधी परत सभासद व्हावं, आणि हॉल सोडल्याचं सगळ्यांसमोर सांगावं, असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणजे तुमची अट हौदाची, आमची अट माफीची.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. तू तिची धर्ममाता आहेस. ते तू मानत असशील किंवा नसशील, मी मानते. तिला एकदा एकटीला बसवून विचार. ती मनापासून उतरते आहे, की नुसतं लग्न व्हावं म्हणून? मला ती सांगत नाही. मी विचारलं की डोळे भरून येतात आणि उठून जाते. तू पुन्हा शिडी झालीस, तर मीही तुझी जुनी टाचणी.

टाचणी


१ मार्च

टाचणी,

डब्याचं मला खरंच ठाऊक नव्हतं. दिराला विचारलं. तो खाली बघत राहिला.

तुझी मुलगी काल हॉस्पिटलमध्ये आली. वॉर्डाच्या मागे दुधाच्या बाटल्या उकळायची खोली आहे, तिथं आम्ही बसलो. मी सरळ विचारलं. ती म्हणाली, "मावशी, हॉलमधली गाणी मला आवडतात. तिथं लोक एकमेकांना विचारतात तरी, बरी आहेस का म्हणून. पण कुठलं पाणी खरं, ते मला कळत नाही. पास्टर सांगतात तेव्हा ते पटतं, बाबा सांगतात तेव्हा तेही पटायचं. मला फक्त त्याच्याबरोबर राहायचंय. म्हणून उतरते."

मी म्हणाले, "हे पास्टरांना सांगितलंस?"

"नाही. सांगितलं तर लग्न लावतील का?"

टाचणी, मी घाबरले. मला वाटलं होतं मी तुमच्यावर बाजी मारली. आणि ही पोर देवासमोर पाठ केलेलं उत्तर द्यायला निघाली आहे.

आता तुला जे सांगते ते हॉलमध्ये कुणाला ठाऊक नाही. गेल्या आठवड्यात वॉर्डात एक बाळ होतं, तळहाताएवढं. आईबाप ख्रिस्ती, कुठल्या मंडळीचे ते मी विचारलं नाही. बाप म्हणाला, "सिस्टर, पाळक येईपर्यंत राहील का?" मी बाळाच्या पोटाकडे बघितलं, ते कसं आत ओढलं जात होतं, आणि म्हणाले, "नाही राहणार." तो म्हणाला, "मग बाप्तिस्मा तुम्हीच द्या." मी उकळून थंड केलेलं पाणी घेतलं आणि त्या इवल्याशा कपाळाला लावलं. शब्द आपोआप आले. आईनं बाळाचं नाव मोठ्यानं घेतलं, आणि तिचा चेहरा कसा झाला ते मी तुला लिहू शकत नाही.

हॉलच्या हिशेबात मी त्या खोलीत काहीच केलं नाही. आणि मला ठाऊक आहे, मी केलं.

काल संध्याकाळी पास्टरांकडे गेले. मी म्हणाले, "अट सोडा, मुलीला वेळ द्या, लग्न तसंच लावा." तू त्यांना वाईट समजू नकोस. माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या महिन्यात त्याचं अंग पुसायला हाच माणूस यायचा. ते म्हणाले, "ताई, ही अट माझी असती तर आत्ता सोडली असती. पण ज्या चाळीस घरांनी आईबाप, कबरी, सगळं मागं टाकलं, ते याच एका गोष्टीसाठी. आज मी ती सोडली तर त्यांना काय सांगू? तुम्ही उगाच गेलात म्हणून?"

याचं उत्तर तुला सुचतं का?

शिडी


१४ मार्च, शनिवार, दुपार

शिडी,

हे घेऊन येणारी माझ्या दुकानातली काजं-बटणं करणारी बाई आहे. तिच्याच हाती उत्तर दे, ती थांबेल.

सकाळी मुलगी बॅग घेऊन निघून गेली. उशीवर ओढणीची घडी, बाकी काही नाही. फोन बंद. ती तुझ्याकडे आहे का? उद्या हॉलमध्ये बाप्तिस्मे आहेत असं ऐकलं. तिचं नाव त्यात आहे का?

ह्यांना कळलं आहे. वर्कशॉप बंद करून घरी बसलेत. एका जागी बसलेत, काही बोलत नाहीत. मला त्या न बोलण्याची भीती वाटते.

टाचणी


१४ मार्च

टाचणी,

माझ्याकडे आहे. जेवली. आता माझ्या खोलीत झोपली आहे. मुलाला मी त्याच्या काकाकडे पाठवलं आहे, तेव्हा ती काळजी करू नकोस.

हो, उद्या तिचं नाव आहे. तिघींमध्ये ती शेवटची. मी तिला ढकलणार नाही आणि अडवणारही नाही. अडवायचा प्रयत्न केला. म्हणाली, "मावशी, आता मागं फिरले तर दोन्हीकडून जाईन."

उद्या सकाळी ये. एकटी ये नाहीतर त्यांना घेऊन ये. जिन्यात माणूस उभा असतो, तुम्हाला कुणी अडवणार नाही, मी सांगून ठेवते. पण ये.

शिडी


१५ मार्च, रविवार

झालं तुमच्या मनासारखं.

आम्ही आलो होतो. दोघंही. ह्यांना मी कसं आणलं ते माझं मला ठाऊक. कोपऱ्यापर्यंत आले, गोदामाच्या शटरपर्यंत आले, पण जिन्याची पहिली पायरी काही चढेनात. कठड्याला हात लावून उभे राहिले. वरून तुमचे ढोल, टाळ्या, रबराचा तो वास. मी म्हणत होते, "चला, नुसतं मागं उभं राहू." ते म्हणाले, "मला वर येऊन बघायला जमणार नाही. इथूनच."

मग सगळं शांत झालं. कुणीतरी काहीतरी बोललं, ते नीट ऐकू आलं नाही. आणि मग पाण्याचा मोठा आवाज आला आणि वरचे सगळे एकदम "हालेलुया" ओरडले.

शिडी, त्यांनी कठड्यावरचा हात काढला. वर्कशॉपमध्ये तापलेल्या लोखंडाला चुकून हात लागला की काढतात, तसा. वळले आणि चालायला लागले. मी मागं धावले. घरी येऊन त्यांनी तिची खोली बंद केली आणि दारासमोर लोखंडी कपाट सरकवलं. एकट्यानं. हलवायला तीन माणसं लागतात ते कपाट.

तू म्हणाली होतीस ढकलणार नाही. मग तिथं बसून तू काय केलंस? टाळ्या वाजवल्यास?

मला पुन्हा लिहू नकोस.


१६ मार्च

टाचणी,

फाडून टाकायच्या आधी एवढं वाच. तुझी मुलगी पाण्यात उतरली नाही.

तुम्ही जो आवाज ऐकलात तो पहिल्या बाईचा. तुझी शेवटची होती हे मी लिहिलं होतं गं! अजून थोडं थांबला असतात तर.

तिची पाळी आली. पांढरा झगा घालून ती हौदाच्या पायरीवर आली, एक पाऊल पाण्यात, एक बाहेर. पास्टरांनी विचारलं, "आजपर्यंत तुझा बाप्तिस्मा झालेला नव्हता, हे तू मान्य करतेस का?"

ती पाण्याकडे बघत राहिली. मला वाटलं थंडी वाजली. मग म्हणाली, "मी पाण्यात उतरते. पण ते म्हणणार नाही."

पास्टर हळू आवाजात म्हणाले, "मुली, त्याशिवाय हे नुसतं पाणी आहे."

तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. अख्खा हॉल वळून बघायला लागला. म्हणाली, "मावशीला विचारा. त्या तेव्हा होत्या."

मी उठले. माझी उंची कधी नव्हे ती मला जड झाली. मी म्हणाले, "हो. हिला मी हातावर घेतलं होतं. शपथ मी घेतली होती. खोटी घेतली नव्हती."

मागून कुणीतरी म्हणालं, "बसा खाली." माझा दीरच असावा.

पास्टरांनी विचारलं, "ताई, मग तुम्ही आमच्यात आलात कशाला?" रागावून विचारलं नाही. दुखावल्यासारखं विचारलं, तेच जास्त लागलं.

मी म्हणाले, "नवरा आला म्हणून आले. आणि तुम्ही त्याच्या उशाशी बसलात, म्हणून राहिले."

मुलीनं पाऊल पाण्यातून काढलं, चपला हातात घेतल्या आणि मधल्या वाटेनं चालत गेली. माझा मुलगा उठून तिच्या मागं गेला. जिना उतरताना ती बहुधा तुम्हाला शोधत असावी, कारण तो सांगतो, खाली आल्यावर ती शटरपाशी बराच वेळ दोन्हीकडे बघत उभी होती. तिला वाटतं तुम्ही आलाच नाहीत.

मी अजून तिला तुमचं सांगितलेलं नाही. "बाबा पहिल्या पायरीपर्यंत आले होते आणि परत गेले," हे मी कसं सांगू? ते तू सांग.

शिडी


२२ मार्च

शिडी,

सांगितलं. दुकानात बोलावून सांगितलं. ती माझ्या कापडाच्या ढिगावर डोकं ठेवून रडली. मुलाण्यांच्या झग्याचं कापड होतं, गिऱ्हाईक बोंबलणार आहे, बोंबलू दे.

ह्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ऐकून घेतलं. म्हणाले, "एक पाऊल तर होतं ना पाण्यात?" मी म्हणाले, "आणि एक बाहेर होतं!" म्हणाले, "मला बाहेरचं दिसत नाही." कपाट अजून तिथंच आहे.

परवा कमिटीची बैठक झाली. पाळकांनी चाचरत विषय काढला, की मुलगी तर आपल्या बाप्तिस्म्याला धरून राहिली, मग लग्न आपल्याकडे लावावं. हे मुख्य पंच म्हणून खुर्चीत बसले होते. म्हणाले, "मुलगा सभासद नाही." एवढंच. बाकीच्यांनी माना हलवल्या. दुसऱ्या कुणाच्या मुलीचा प्रश्न असता तर कदाचित कुणी भांडलं असतं. बापच नाही म्हणतोय म्हटल्यावर कोण भांडणार?

म्हणजे दगडी चर्च बंद आणि हॉलही बंद. मुलं रजिस्ट्रारकडे जाऊन सही करतो म्हणतात. मी साक्षीदार म्हणून येईन. माझ्या घरात मी कुणाला विचारलेलं नाही.

तुझ्याबद्दल काहीबाही ऐकते आहे. खरं काय ते लिही.

टाचणी


२९ मार्च

टाचणी,

जे ऐकलंस ते खरं असणार. मला प्रभुभोजनातून बाहेर ठेवलं आहे, चूक कबूल करेपर्यंत. रविवारच्या शाळेतली मुलंही काढून घेतली. सांगायला पास्टर स्वतः आले, दुसऱ्याला पाठवलं नाही. चहा घेतला नाही, पण बसले. जाताना म्हणाले, "तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतो." मी म्हणाले, "मीही तुमच्यासाठी करते. दोघांच्या वर एकदमच पोचल्या तर देवाची पंचाईत होईल." हसले नाहीत. दाराबाहेर थोडा वेळ उभे राहिले आणि गेले.

मी मागच्या रविवारी तरीही हॉलमध्ये गेले. प्रभुभोजनाची भाकर फिरली तेव्हा ताट माझ्या नाकासमोरून पुढे गेलं. शेजारची बाई, जिची दोन्ही बाळंतपणं मी केली, ती माझ्याकडे न बघता ताट पुढे देत होती. इतक्या वर्षांत बाहेरच्याला कसं वाटतं हे मला कधी कळलं नव्हतं.

रजिस्ट्रारची वेळ शुक्रवारी सकाळी अकरा. खाली झेरॉक्सवाल्यापाशी भेट. तुझे यजमान येणार नाहीत हे धरून चालते. माझा दीरही येणार नाही. तेव्हा पाहुणे म्हणशील तर तू आणि मी. निदान वाढपाची कटकट नाही.

शिडी


१३ एप्रिल

शिडी,

लग्नाच्या दिवशी तू आणि मी त्या टेबलापाशी सह्या करत होतो तेव्हा कारकून म्हणाला ना, "दोघी बहिणी का?" आणि तू त्याला हो म्हणालीस. मी त्या वेळी सहीच गिरवत राहिले. आज लिहून टाकते, मला बरं वाटलं.

पण मी हे पत्र लिहायला बसले ते कालच्या उपासनेसाठी. तू तिथं नव्हतीस, तुला कुणी खरं सांगणार नाही, म्हणून मीच सांगते.

काल आमच्याकडे प्रभुभोजन होतं. आमच्या बाजूला ताट फिरवायची पाळी ह्यांची. कडक इस्त्रीचा शर्ट, मान ताठ. एकेक बाक करत माझ्यापाशी आले आणि ताट पुढे धरलं. मी हात मांडीवरच ठेवले.

म्हणाले, "घे."

मी हात पदराखाली घेतले.

खाली वाकून दबक्या आवाजात म्हणाले, "घे ना. लोक बघतायत."

मी म्हणाले, "बघू देत. आपल्या पोरीला हे कुठं मिळणार, तेवढं सांगा. मग घेते."

हे मी ठरवून गेले नव्हते, शिडी. शपथेवर सांगते. तू लिहिलं होतंस ना, तुझ्या नाकासमोरून ताट गेलं ते? ते माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि माझा हात उचलेना.

ते तसेच उभे राहिले. मागच्या बाकावरचे खाकरायला लागले. पेटीवाल्यानं तेच कडवं पुन्हा वाजवायला घेतलं. मला वाटलं आता पुढे जातील. नेहमी जातात. नियम त्यांच्या हाडात आहे.

ते गेले नाहीत. माझ्या शेजारी बाकावर बसले. ताट मांडीवर घेऊन. अख्ख्या मंडळीसमोर, मुख्य पंच, बायकांच्या बाकावर.

पाळक खोकायला लागले. शेवटी दुसऱ्या बाजूचे पंच आले आणि ह्यांच्या मांडीवरचं ताट हळूच उचलून घेऊन गेले. ह्यांनी अडवलं नाही. पण त्यातलं स्वतःही घेतलं नाही. आम्ही दोघंही तसेच उपाशी उठलो.

घरी येईपर्यंत ते माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिले. मी भीतीनं अर्धी झाले होते. चहा पुढे ठेवला तर तो निवेपर्यंत त्याच्याकडे बघत बसले. मग विचारलं, "कुठं राहतात ती दोघं?"

मी पत्ता सांगितला.

"दार तिनंच उघडलं तर?"

"तर आत जायचं."

"आणि तिनं विचारलं, आता कशाला आलात?"

मी म्हणाले, "त्याचं उत्तर मी देणार नाही. ते वाटेत शोधा."

निवलेला चहा एका घोटात प्यायले. मग म्हणाले, "गुरुवारी वर्कशॉप लवकर बंद करतो."

तुझं आणि त्यांचं जे आहे ते मी यात ओढत नाही. ते एका चहानं मिटणारं नाही, आणि मिटलं असं मी तुला भासवणारही नाही. म्हणून गुरुवारी तू तिथं असू नकोस.

आणि पोरांना काही सांगू नकोस. हा माणूस एकदा पहिल्या पायरीवरून परत फिरलेला आहे. पुन्हा फिरला तर निदान तिला खिडकीत उभं राहून वाट बघायला नको. आलाच, तर दार वाजेल, तेव्हा तिला कळेल.

टाचणी